बोटीने मार्न-राइन कालव्यावर एक दिवस: बोगदे, बोट-लिफ्ट आणि लॉक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फ्रान्सच्या ईशान्येला, स्त्रासबूरच्या पश्चिमेला, मार्न-राइन कालवा व्होज डोंगररांग ओलांडतो. निदेरव्हिलेर ते लुत्झेलबूर हा त्याचा टप्पा पंधरा किलोमीटरांच्या आतला आहे. एवढ्यात दोन बोगदे, आर्झव्हिलेरची बोट-लिफ्ट आणि त्यानंतर लॉकची रांग, असं सगळं एका दिवसात पाहायला मिळतं. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला कप्पा, त्यात पाणी कमी-जास्त करून बोट खाली-वर नेतात. ज्यांना स्वतः बोट भाड्याने घेऊन चालवायची आहे त्यांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. दोर, झडपा आणि बोगद्यातलं सुकाणू हे भाग मुद्दाम सविस्तर लिहिले आहेत, कारण घोटाळे तिथेच होतात.

फ्रान्समध्ये इतके कालवे असताना हाच टप्पा का?

पहिल्यांदा बोट चालवणाऱ्याला एका दिवसात इतक्या वेगवेगळ्या गोष्टी सोप्यातून अवघडाकडे अशा क्रमाने क्वचितच मिळतात. निदेरव्हिलेरच्या पश्चिमेला कालव्याचा डोंगरमाथ्यावरचा टप्पा आहे. तिथे जवळपास तीस किलोमीटर एकही लॉक नाही, त्यामुळे हात बसवायला भरपूर जागा मिळते. मग ४७५ मीटरचा छोटा बोगदा, लगेच २,३०६ मीटरचा मोठा बोगदा, मग बोट-लिफ्ट आणि शेवटी लॉक.

आमचा सल्ला आहे की पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे उताराच्या दिशेने यावं. उतरताना लॉकमधलं पाणी शांत असतं. चढताना खालून पाणी उसळत येतं आणि बोट ओढली जाते. नवख्यांनी ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवावं.

बोट चालवायला परवाना लागतो का?

भाड्याच्या बोटीला लागत नाही. बोट देणारी कंपनी तासा-दोन तासांचं प्रशिक्षण देते आणि तेवढ्या मुदतीसाठी व नेमून दिलेल्या जलमार्गासाठी एक कार्ड देते. फ्रेंचमध्ये त्याला ‘कार्त द प्लेझांस’ म्हणतात. ते जवळ असलं की पुरे. भारतीय ड्रायव्हिंग लायसन्सचा इथे संबंध येत नाही. स्वतःच्या मालकीची बोट असेल तर मात्र जलमार्गांचा परवाना हवा. भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतोच. अर्जात राहण्याचा पुरावा द्यावा लागतो, तेव्हा बोटीच्या बुकिंगचं पत्र त्यासाठी मागून घ्या आणि त्यावर सगळ्या प्रवाशांची नावं आहेत ना ते पाहा.

प्रशिक्षणाच्या वेळी माना डोलावून मोकळं होऊ नका. पाण्याचा फिल्टर कुठे आहे, इंजिन बंद करायची कळ कोणती, गॅसचा मुख्य कॉक कुठे, बिघाड झाल्यास कोणाला फोन करायचा, हे चारही प्रश्न विचारून त्या जागी स्वतःचा हात लावून पाहा.

बोटीवर किमान किती माणसं हवीत?

तीन असली की काम निवांत होतं: एक सुकाणूवर, एक पुढच्या दोरावर, एक मागच्या दोरावर. दोघांतही जमतं, फक्त मागचा दोर सुकाणूवाल्याला सांभाळावा लागतो. लहान मुलं आणि पोहता न येणारी वडीलधारी माणसं लॉकमध्ये डेकच्या कडेला नकोत. त्यांना आत किंवा मधल्या बाकावर बसवा. लाइफ जॅकेट लॉकमध्ये आणि बोगद्यात प्रत्येकाच्या अंगात हवं, पट्टे आवळून.

दिवसाचं वेळापत्रक कसं आखावं?

सकाळी लॉक आणि लिफ्ट सुरू होण्याच्या सुमारास बोगद्याच्या तोंडाशी पोहोचलेलं बरं. हंगामात बहुतेक ठिकाणी सकाळी नऊच्या आसपास काम सुरू होतं आणि संध्याकाळी सातच्या आसपास थांबतं. पण वेळा कालव्यागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. फ्रान्सच्या जलमार्गांचा कारभार पाहणारी सरकारी संस्था व्हीएनएफ हे वेळापत्रक आणि बंदच्या सूचना प्रसिद्ध करते. या सूचनांना ‘आव्ही आ ला बातेलरी’ म्हणतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्या वाचाव्यात. १ मेला बहुतेक कालवे बंद असतात. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी पाणी उतरवलं जातं.

कालव्यावर वेग ताशी सहा किलोमीटरच्या आसपास ठेवायचा असतो. जोरात गेल्यास लाटेने काठ खचतात आणि बांधून ठेवलेल्या बोटी हिसके खातात. बोगद्याला ताशी पाच किलोमीटरने अर्धा तास धरा. एका लॉकला दहा ते पंधरा मिनिटं धरा आणि समोरून बोट येत असेल तर त्याच्या दुप्पट. कागदावर तीन-चार तासांचा दिसणारा प्रवास प्रत्यक्षात अख्खा दिवस खातो, आणि तसाच तो केला पाहिजे. याच दिवशी लुत्झेलबूरच्या पुढचं साव्हेर्न गाव गाठायचा हट्ट धरू नये. लिफ्टनंतरचं पहिलं लॉक १८ क्रमांकाचं आहे आणि साव्हेर्नच्या मध्यवस्तीतलं जोडक्रमांकाचं खोल लॉक ३०-३१. म्हणजे त्याच्या आधीच बारा लॉक पार करावी लागतात. लुत्झेलबूरला मुक्काम करून उरलेला टप्पा दुसऱ्या दिवशी घ्या.

बोगद्यात शिरण्यापूर्वी काय तयारी करायची?

बोगदा एकाच बोटीच्या रुंदीचा आहे, त्यामुळे वाहतूक एका वेळी एकाच दिशेने चालते आणि तोंडाशी सिग्नल असतो. लाल दिवा असेल तर अलीकडे काठाला बोट बांधून थांबा. समोरून येणाऱ्या बोटी बाहेर पडेपर्यंत पाऊण तासही लागू शकतो. बोट न बांधता मधोमध तरंगत राहिलात तर वाऱ्याने आडवी होते आणि हिरवा दिवा लागल्यावर सगळ्यांचाच खोळंबा होतो.

थांबलेल्या वेळात छत मोकळं करा. छत्री मिटून आडवी, सायकली आडव्या, झेंड्याची काठी खाली. फ्रान्सच्या बऱ्याच कालव्यांवर मोकळी उंची साडेतीन मीटरच्या आसपास असते, पण बोगद्याची कमान कडेला खाली उतरत जाते. मधोमध बसणारी बोट कडेला सरकली की तिच्या छताचा कोपरा दगडाला लागतो. पुढचा झोतदिवा आणि बोटीचे दिवे लावा. बोटीच्या खोल्यांमधले दिवेही लावून पडदे उघडे ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंतींवर उजेड पडतो आणि अंतराचा अंदाज येतो. गॅसची शेगडी बंद. स्वेटर हाताशी ठेवा. बाहेर कडक ऊन असलं तरी आत थंडगार असतं आणि वरून पाणी ठिबकतं.

बोगद्यात बोट भिंतीला घासते. सरळ कशी ठेवायची?

भिंतीकडे बघत राहिलात की बोट तिकडेच जाते. नजर लांब, समोरच्या अर्धगोल उजेडाकडे ठेवा. सुकाणू थोडंसं फिरवा, परिणाम दिसेपर्यंत थांबा आणि पुढचं टोक वळायला लागताक्षणी उलट दिशेने परत आणा. बोट मोटारीसारखी लगेच वळत नाही. दोन-तीन सेकंद काहीच होत नाही म्हणून नवखा माणूस आणखी फिरवतो आणि मग ती या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत जाते.

यामागे पाण्याचं एक कारण आहे. अरुंद जागेत बोट पुढे सरकते तेव्हा तिने ढकललेलं पाणी दोन्ही बाजूंनी मागे यायला हवं. बोट एका भिंतीजवळ गेली की त्या बाजूला फट लहान होते, पाणी वेगाने वाहतं, तिथला दाब कमी होतो आणि मागचा भाग भिंतीकडे ओढला जातो. इंजिनाचा जोर वाढवल्यास ओढ वाढते, वेग मात्र फारसा वाढत नाही. म्हणून उपाय उलटा आहे: इंजिन हळू करा, बोट आपोआप मोकळी होते. हाताने किंवा पायाने भिंत ढकलू नका. दहा टनांच्या बोटीपुढे हाडाचं काही चालत नाही.

पुढच्या बोटीपासून चांगलं अंतर ठेवा. तिच्या पंख्याने (प्रोपेलरने) ढवळलेल्या पाण्यात सुकाणू नीट लागत नाही.

आत इंजिन बंद पडलं तर?

समोरून बोट येण्याची शक्यता नसते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. मागच्या बोटीला भोंगा वाजवून सावध करा, दिवे चालू ठेवा, दिलेल्या क्रमांकावर फोन करा. मोबाइलला रेंज नसेल तर मागच्या बोटीने बाहेर पडायला मदत करेपर्यंत बोटीतच थांबा. काठाच्या अरुंद, ओल्या वाटेवर कोणी उडी मारू नये.

इंजिन तापून बंद पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कालव्यातलं शेवाळ आणि पानं फिल्टरमध्ये अडकणं. ज्या बोटीत कालव्याचं पाणी इंजिन थंड करायला आत घेतलं जातं तिथे रोज सकाळी हे पाहावं: इंजिन बंद करा, पाण्याचा कॉक बंद करा, फिल्टरचं झाकण उघडून जाळी धुवा, झाकण घट्ट लावा, कॉक पुन्हा उघडा, इंजिन सुरू करून मागच्या नळीतून पाणी येतंय का पाहा. कॉक उघडायचा राहिला तर काही मिनिटांत इंजिन तापतं. कॉक बंद न करता झाकण उघडलं तर पाणी बोटीत शिरू शकतं.

आर्झव्हिलेरची बोट-लिफ्ट नेमकी चालते कशी?

डोंगराच्या उतारावर रूळ टाकलेत आणि त्यांवर पाण्याने भरलेला पोलादी हौद आडवा चालतो. बोट हौदात तरंगत असते. हौद सुमारे ४१.५ मीटर लांब आणि ५.५ मीटर रुंद आहे, पाण्यासह वजन सुमारे ९०० टन. वर-खालच्या पातळीत फरक ४४.५५ मीटर. उताराचा चढ ४१ टक्के, म्हणजे शंभर मीटर आडवं गेल्यावर एक्केचाळीस मीटर खाली. २७ जानेवारी १९६९ला ती सुरू झाली. त्याआधी याच उंचीसाठी चार किलोमीटरांत १७ लॉक होती आणि मालवाहू बोटीचा जवळजवळ पूर्ण दिवस त्यात जायचा.

इतका जड हौद हलवायला मोटारी मात्र लहानशा पुरतात. केबलच्या दुसऱ्या टोकाला प्रत्येकी सुमारे ४५० टनांचे दोन भार आहेत, त्यांनी हौद तोललेला असतो. लोक हमखास विचारतात: मोठी बोट आली तर तोल बिघडत नाही का? नाही. तरंगणारी बोट स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते. ते पाणी उघड्या दारातून कालव्यात निघून गेलेलं असतं. हौदातली पातळी तीच राहिली तर एकूण वजनही तेच राहतं, आत तीनशे टनांची मालबोट असो वा नुसतं पाणी. तोल बिघडवतं ते पातळीतलं अंतर. हौदाचं क्षेत्रफळ सुमारे २२८ चौरस मीटर, म्हणजे पाणी एक सेंटीमीटर जास्त भरलं की सव्वादोन टनांपेक्षा जास्त वजन वाढतं. म्हणून दार लावण्यापूर्वीची पातळी हीच या यंत्रातली सर्वांत नाजूक बाब आहे, आणि म्हणूनच हौदात शिरल्यावर पुढे-मागे बोट हलवत पाणी हिंदकळवू नये.

लिफ्टमध्ये आपण काय करायचं?

वरच्या बाजूला सिग्नलपाशी बांधून थांबा. पर्यटकांच्या मोठ्या बोटी ठरलेल्या वेळी चालतात, त्यांना आधी जाऊ द्यावं लागतं. हिरवा दिवा लागल्यावर अगदी सावकाश आत शिरा, कर्मचारी सांगेल तिथपर्यंत पुढे जा, पुढचा-मागचा दोर लावा आणि इंजिन बंद करा. इथे दोर सैल सोडत बसायचं नाही, कारण बोटीसकट पाणीच खाली जातं. दारं बंद होतात, हौद सुटतो आणि चारेक मिनिटांत खाली पोहोचतो. आत जाण्यापासून बाहेर पडेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं. उतरताना झोर्न नदीचं खोरं समोर उलगडत जातं. छायाचित्रांसाठी सगळ्यांनी एकाच बाजूला धावू नये, बोट कलते. दार उघडून सिग्नल मिळेपर्यंत इंजिन चालू करू नका.

लॉकमध्ये उतरताना दोर कसे धरायचे?

या सगळ्या पानातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. उतरत्या लॉकमध्ये दोर काठावरच्या खुंट्याला कधीही गाठ मारून बांधायचा नाही. दोराचं एक टोक बोटीवरच्या खुंट्याला पक्कं, मग तो काठावरच्या खुंट्याभोवती फक्त एक फेरा घालून परत बोटीवर, आणि मोकळं टोक हातात. पाणी उतरतं तसा तो हळूहळू सोडत जायचा. दोर लॉकच्या खोलीच्या दुपटीपेक्षा बराच लांब हवा. अडीच मीटरच्या लॉकला बारा-पंधरा मीटरचा दोर ठीक. मोकळं टोक पायाशी गुंतलेलं नको. त्याचे सुटसुटीत वळसे घालून ठेवा, पण मनगटाला किंवा बोटांना गुंडाळू नका.

दोर अडकला तर बोटीची ती बाजू वर टांगली जाते आणि बाकीची बोट पाण्याबरोबर खाली जात राहते. भांडी पडण्याचा आवाज होईपर्यंत उशीर झालेला असतो. लगेच लॉकवरची लाल दांडी ओढा, ती आपत्कालीन थांबा आहे. ताणलेला दोर हाताने सुटत नाही, म्हणून पुढे-मागे दोन्हीकडे एकेक धारदार सुरी ठेवा आणि दोर तोडा. तोडताना बाजूला उभं राहा, दोराचं टोक चाबकासारखं येतं. लाल दांडी ओढली की लॉक तिथेच थांबतं आणि व्हीएनएफचा माणूस येऊन ते पुन्हा चालू करतो. अर्धा-एक तास जाईल म्हणून ती ओढायला कचरू नका.

उंबरठा म्हणजे काय आणि त्याची भीती का?

वरच्या दारांच्या खाली दगड-काँक्रीटची पायरी असते, ती चेंबरमध्ये, म्हणजे लॉकच्या कप्प्यात, थोडी आत आलेली असते. लॉक भरलेलं असताना ती दिसत नाही. पाणी उतरताना बोटीचा मागचा भाग तिच्यावर राहिला तर तो तिथे टेकतो आणि पुढचा भाग खाली बुडतो. अशा वेळी बोट पाहता पाहता पाणी घेऊ शकते. भिंतीवर रेघ किंवा खूण करून ही हद्द दाखवलेली असते. मागचं टोक, सुकाणू आणि पंखा धरून, त्या खुणेच्या बरंच पुढे ठेवा. चेंबर सुमारे ३९ मीटरचं असतं, तुमची बोट अकरा-बारा मीटरची. पुढे जागा असताना मागे रेंगाळायचं कारण नाही.

स्वयंचलित लॉकला सूचना कशी द्यायची?

कुठे हातात मावणारा रिमोट दिला जातो, कुठे कालव्यावर लोंबकळणारी काठी बोट जाता जाता फिरवायची असते, कुठे सेन्सर बोट ओळखतो. तुमच्या टप्प्यावर काय आहे ते बोट घेतानाच विचारा. लाल दिवा म्हणजे थांबा. लाल-हिरवा एकत्र म्हणजे लॉक तुमच्यासाठी तयार होतंय. हिरवा लागला की आत या. दोन लाल म्हणजे लॉक बंद पडलंय.

आत शिरून दोन्ही दोर लागल्यावर, सगळ्यांनी ‘तयार’ म्हटल्यावरच निळी दांडी वर उचला. तिने दारं मिटतात आणि झडपा उघडतात. निळी दांडी आधी उचलून मग दोर शोधणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. बोट बाहेर पडल्याची नोंद झाली की पुढचं लॉक तयार व्हायला लागतं, म्हणून दोन लॉकच्या मध्ये जेवायला थांबू नका. थांबायचंच असेल तर लॉकवरच्या इंटरकॉमवरून कळवा.

चढताना वेगळं काय?

खुंटे डोक्याच्या वर, ओल्या शेवाळी भिंतीच्या टोकाला असतात. एक माणूस आधीच अलीकडच्या धक्क्यावर उतरवा, तो चालत वर जाऊन दोर घेईल. तसं जमत नसेल तर आकडीच्या टोकावर दोराचा फास ठेवून तो खुंट्यावर चढवा. पुढचा दोर ताठ हवा, कारण वरच्या दारांकडून पाणी उसळतं आणि पुढचं टोक बाजूला फेकलं जातं. बोट वर येईल तसा ढिला पडणारा दोर सतत ओढून घ्या. फेंडर (धक्का बसू नये म्हणून बोटीच्या कडेला लटकवलेले फुगे) शिडीच्या खाचेत किंवा भिंतीच्या खोबणीत अडकत नाहीत ना, हे एका माणसाने पाहत राहावं.

दुसऱ्या बोटीसाठी थांबायला का सांगतात?

पाणी वाचवायला. ३९ बाय ५.२ मीटरचं आणि अडीच मीटर उतरणारं लॉक एकदा चाललं की सुमारे पाच लाख लिटर पाणी वरच्या टप्प्यातून खाली जातं. डोंगरमाथ्यावरच्या टप्प्याला हे पाणी गोंद्रेक्सांझसारख्या तलावांतून पुरवावं लागतं. कोरड्या उन्हाळ्यात बोटी गटाने सोडतात, बोटींच्या खोलीवर मर्यादा येते, कधी टप्पाच बंद होतो. अकरा मीटरच्या दोन बोटी एकामागे एक सहज मावतात. मागून कोणी येताना दिसलं तर आपणहून थांबावं.

स्वतः बोट चालवायची नाही, तरी हे पाहता येईल का?

नक्की. स्त्रासबूर–सारबूर मार्गावरच्या लोकल गाडीने लुत्झेलबूर स्टेशनवर उतरा. तिथून कालव्याकाठची सायकलवाट लिफ्टपर्यंत जाते. हंगामात पर्यटक बोटीतून लिफ्टचा अनुभव घेता येतो. बाजूच्या खोऱ्यात जुनी १७ लॉक आणि लॉकवाल्यांची घरं पायी पाहता येतात. आमच्या मते ती बघितल्याशिवाय लिफ्टने काय साधलं ते नीट समजत नाही. कालवा १८५३ साली पुरा झाला, पॅरिस–स्त्रासबूर रेल्वे १८५२ साली. दोघांनी एकाच अरुंद खोऱ्यातून वाट काढली, म्हणून बोट आणि गाडी इथे सतत शेजारून जातात.

याहून लांब बोगदे कुठे आहेत?

सें-काँतां कालव्यावरचा रिकव्हाल बोगदा ५,६७० मीटरचा, १८१० साली नेपोलियनच्या काळात खुला झालेला. तळाशी टाकलेल्या साखळीवर स्वतःला ओढत जाणारी विजेची बोट तिथे इतर बोटींना खेचून नेई, कारण इतक्या लांब बोगद्यात इंजिनांचा धूर साठतो. मार्न-राइन कालव्यावरच पश्चिमेला मोव्हाजचा ४,८७७ मीटरचा बोगदा आहे. बर्गंडी कालव्यावर पूईचा ३,३३३ मीटरचा, तिथे आधी नोंद करावी लागते आणि बोटीची उंची काटेकोर पाहतात. लहान मुलांसोबत एवढा वेळ अंधारात नको वाटत असेल तर सोन नदीवरचा सेंतालबां बोगदा ६८१ मीटरचा आहे. दक्षिणेला मिदी कालव्यावरचा सतराव्या शतकातला मालपास बोगदा तर जेमतेम १६५ मीटरचा, पाच मिनिटांत पार होतो.

खाण्यापिण्याची सोय?

बोटीवर स्वयंपाकघर असतं, गॅस आणि फ्रीजसह. कुकर, मसाले, डाळी सोबत आणा. गावातली दुकानं रविवारी दुपारनंतर बहुधा बंद असतात आणि बऱ्याच बेकऱ्या सोमवारी सुट्टी घेतात. डाळ-भात लॉकच्या रांगेत शिजवायला घेऊ नका. बोट काठाला थोडी आपटली तरी उकळतं भांडं सांडतं. निघण्यापूर्वी पिण्याच्या पाण्याची टाकी भरून घ्या.